दाढेची सुई आणि उरलेला बधिरपणा

(तळेगाव (श्यामजी पंत) इथे बायकांच्या बैठकीत केलेलं भाषण)

आज मी दाढेबद्दल बोलणार म्हटल्यावर मागे बसलेल्या दोघीतिघी हसल्या. त्यांचं चुकलं नाही. दारू आहे, मारहाण आहे, रेशनकार्डातलं नाव आहे, निराधारचे अडकलेले पैसे आहेत. एवढं सगळं सोडून ताईला दाढ कुठून सुचली? मलाही तसंच वाटायचं, म्हणून मी दोन वर्षं गप्प बसले. पण याच भागातल्या एका बाईचं ताट वेगळं काढलं गेलं, तेव्हा वाटलं, आपण बोललो असतो तर बरं झालं असतं.

आधी माझं सांगते. दोन वर्षांपूर्वी माझी उजवीकडची खालची दाढ किडली होती. एका खाजगी दवाखान्यात रूट कॅनल करायचं ठरलं. तोंड उघडलं, आत मागच्या बाजूला सुई गेली आणि जिभेत एकदम करंट लागल्यासारखं झालं. मी दचकले. 'होतं असं,' एवढंच उत्तर मिळालं. काम नीट झालं, दाढही वाचली. बधिरपणा तीन-चार तासांत उतरेल म्हणून सांगितलं होतं. रात्री जेवताना ओठ बधिरच होता. सकाळी चहा घेतला, तर उजवीकडची अर्धी जीभ लाकडासारखी. चहा गरम आहे का गार, ते डाव्या बाजूलाच कळत होतं.

फोन केला तर म्हणाले, जाईल हळूहळू. आठवडा गेला, महिना गेला. ओठ सुटला, जीभ सुटली नाही. मधेच मुंग्या यायच्या, मधेच मिरची लागल्यासारखी आग व्हायची. पुन्हा गेले तर म्हणाले, 'मॅडम, तुम्ही फार विचार करता.' मैत्रिणींनो, हे वाक्य आपल्यापैकी किती जणींनी ऐकलं आहे? कंबर दुखते, चक्कर येते, अंगावरून जातं, सगळ्यावर एकच औषध: फार विचार करू नका.

घरात वेगळीच तऱ्हा. माझ्या भाजीत मीठ जास्त पडायला लागलं. अर्ध्या जिभेला चव नाही, मग अंदाज चुकणारच. दोनदा भाजी खारट झाली, तर घरात चर्चा मिठाची. माझ्या जिभेचं कोणी विचारलं नाही. आणि माझं तर कामच बोलण्याचं. बैठकीत 'स' आणि 'र' नीट उमटेनात. शब्द अडखळला की लोक तोंडाकडे बघायचे. मी बैठकांना जायचं टाळू लागले. एम.एस.डब्ल्यू. केलेली, दुसऱ्या बायांना 'बोला, बोला' म्हणणारी मी स्वतः तोंड मिटून बसले.

आता हे होतं कसं, ते सांगते. खालच्या दाढा बधिर करायच्या तर जबड्याच्या आतल्या बाजूला, मागे, मोठ्या शिरेजवळ औषध सोडावं लागतं. ही शीर म्हणजे रक्ताची नाही, संवेदनेची. डॉक्टर तिला चेतातंतू म्हणतात. ती खालचे दात, ओठ आणि हनुवटी सांभाळते. तिच्या शेजारूनच जिभेची शीर जाते. जिभेच्या पुढच्या भागाची चव नेणारे तंतूही तिच्यातच मिसळलेले असतात. म्हणून जीभ बधिर झाली की त्या बाजूची चवही जाते. सुईचं टोक त्या शिरेला लागू शकतं, आत थोडं रक्त साकळू शकतं, किंवा औषधाचाच शिरेला त्रास होऊ शकतो. नेमकं कशामुळे झालं, हे बहुतेक वेळा सांगता येत नाही. करंट लागला म्हणजे इजा झालीच असंही नाही. पुष्कळांना करंट लागतो आणि दुसऱ्या दिवशी सगळं ठीक असतं.

हे क्वचित होतं. परदेशातल्या पाहण्यांमधले अंदाज वेगवेगळे आहेत. कुणी पंचवीस-तीस हजार सुयांमागे एक म्हणतं, कुणी काही लाखांमागे एक. ज्यांना होतं त्यांच्यातल्या बहुतेकांचं दोन-तीन महिन्यांत बरं होतं. थोड्या जणांचं राहून जातं. मी त्या थोड्यांतली. आणि हेही सांगितलं पाहिजे की नीट हाताने, नीट पद्धतीने दिलेल्या सुईनेही हे होऊ शकतं. म्हणून माझी दाढ भरणाऱ्यावर मी निष्काळजीपणाचा आरोप करत नाही. माझी तक्रार दोन गोष्टींची आहे. असं होऊ शकतं हे आधी सांगितलं नाही, आणि झाल्यावर ऐकून घेतलं नाही.

आता त्या बाईची गोष्ट. ती संत्र्याच्या बागेत मजुरीला जाते. नाव-गाव सांगत नाही. दाढ काढली आणि खालचा ओठ, हनुवटी बधिर राहिली. पाणी पिताना ओघळ यायचा, तिला कळायचा नाही. शेजारीण म्हणाली, 'काहून वं, तोंडाले काय झालं?' हिने साधेपणाने सांगितलं, 'सुन्न झालं बाई, टोचलं तरी समजत नाही.' झालं. 'सुन्न' म्हणजे आपल्याकडे एकच अर्थ. आठ दिवसांत घरात तिचं ताट-पेला वेगळा, पोराला जवळ घ्यायला मनाई, आणि नवऱ्याचं बोलणं सुरू, हिला माहेरी पोचवून देतो.

आपल्या वर्धा जिल्ह्यात हे व्हावं याचं मला फार वाईट वाटलं. 1936 साली मनोहर दिवाण यांनी दत्तपूरला कुष्ठधाम सुरू केलं, ते याच जिल्ह्यात. सेवाग्रामला परचुरे शास्त्रींच्या जखमा गांधीजी स्वतः साफ करत, तेही याच जिल्ह्यात. बाबा आमटे हिंगणघाटचे. इतकं काम ज्या मातीत झालं, तिथेच 'सुन्न' हा शब्द ऐकून बाईचं ताट वेगळं निघतं.

मी तिला प्राथमिक आरोग्य केंद्रात घेऊन गेले. डॉक्टरांनी अंगावरचे चट्टे पाहिले, कापसाने स्पर्श तपासला, हातापायांच्या शिरा चाचपल्या. कुष्ठरोग नव्हता. त्या आजाराचा बधिरपणा त्वचेवरच्या चट्ट्यात, हातापायांत हळूहळू येतो. दाढ काढली त्याच दिवशी अर्धी हनुवटी बधिर होत नाही. डॉक्टरांनी तसं लिहून दिलं. तो कागद मी तिच्या घरी वाचून दाखवला. ताट एक झालं.

घरी परतताना मात्र मला चैन पडेना. मी काय केलं होतं? 'हिला तो आजार नाही, म्हणून हिला ठेवा' असं सांगून आले होते. आणि असता तर? कुष्ठरोगाचं औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं. सहा महिने किंवा वर्षभराच्या गोळ्यांनी तो बरा होतो, आणि औषध सुरू झालं की त्याची लागण पसरत नाही. 2019 साली कायदा बदलून कुष्ठरोग हे घटस्फोटाचं कारण विवाहविषयक कायद्यांतून काढून टाकलं आहे. म्हणजे आजार असता तरी तिला घराबाहेर काढायचा हक्क कुणाला नव्हता. हे मी त्या दिवशी त्या ओट्यावर बोलले नाही. कागद दाखवून सुटका करून घेतली. ते आज इथे बोलते आहे, आणि पुढच्या वेळी ओट्यावरही बोलणार आहे.

आता कामाच्या गोष्टी. लिहून घेणाऱ्यांनी लिहून घ्या.

सुईनंतर बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, तर लगेच त्याच दवाखान्यात कळवा. कोणती दाढ, कोणतं औषध, कोणती तारीख, हे लिहून मागा. कागदावर जिभेचं, ओठाचं चित्र काढा आणि बधिर भाग पेन्सिलने रंगवा. दर आठवड्याला कापसाच्या बोळ्याने तपासून नवं चित्र काढा, खाली तारीख टाका. सही करता येत नसेल तर लेकीकडून काढून घ्या. भाग लहान होत असेल, मुंग्या येऊ लागल्या असतील, तर ते बहुधा चांगलं लक्षण आहे. शीर भरून यायला वेळ लागतो.

दाढ काढताना किंवा अक्कलदाढेच्या ऑपरेशनमध्ये बधिरपणा आला असेल तर मात्र वाट बघत बसू नका. तिथे शीर कापली गेलेली असू शकते, आणि जोडायची असेल तर ती सुरुवातीच्या काही महिन्यांतच जोडलेली बरी. नुसत्या सुईच्या इजेत ऑपरेशनचा सहसा उपयोग नसतो. मोठ्या ठिकाणी दाखवायचं तर सावंगी (मेघे) इथे दंत महाविद्यालय आहे, नागपूरला शासकीय दंत महाविद्यालय आहे. इथून आर्वीमार्गे वर्धा किंवा महामार्गाने नागपूर. एका दिवसाची मजुरी बुडते हे मला माहीत आहे. म्हणून दोघीतिघींनी मिळून जा.

आग किंवा चमका असतील तर शिरेच्या दुखण्याची औषधं असतात. त्यातली एक गोळी उदासीच्या आजारातही देतात. मला ती लिहून दिली, तर घरात कागद वाचून म्हणाले, 'बघा, म्हणजे डोक्याचंच होतं.' तसं नसतं. कमी मात्रेत ती गोळी शिरेच्या दुखण्यावर चालते. पण मेडिकलमधून मनाने आणू नका. बी-बाराची कमतरता असेल तर ती भरून काढावी, मात्र ताकदीच्या सुया घेऊन मेलेली शीर जिवंत होत नाही. पैसे वाया घालवू नका.

रोजच्या जगण्यात मी काय केलं? दुसऱ्या बाजूने चावते. चहा आधी बोटाला लावून बघते. घास तोंडात असताना बोलत नाही. रात्री आरशात जीभ बघते, कारण चावली गेली तरी कळत नाही. बधिर बाजूला अन्न अडकून राहतं, म्हणून चूळ भरते, मऊ ब्रश फिरवते. मीठ चमच्याने मोजून घालते, आणि चव बघायचं काम आता घरातल्या दुसऱ्यांनाही दिलं आहे! रोज दहा मिनिटं वर्तमानपत्र मोठ्याने वाचते. अडखळणं बरंच कमी झालं, तुम्ही ऐकताच आहात. जिभेचं टोक सुटलं आहे, मागचा भाग अजून बधिर आहे. तो आता बहुधा तसाच राहील. सुरुवातीला हे मानायला जड गेलं. रडले. आता त्याच्याशी रोजचं भांडण करत नाही.

दोन इशारे. एक, सुई नाही, दाढ काढलेली नाही, आणि तरी ओठ किंवा जीभ आपोआप बधिर झाली, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नाही, तर ताबडतोब दाखवा. आपल्याकडे खर्रा, तंबाखू, गुडाखू बायांच्या तोंडातही असतो. तो कर्करोग असू शकतो. दुसरं, चेहरा एका बाजूला वाकडा, हात लुळा, बोलणं बोबडं, असं अचानक झालं तर तो लकवा. घरगुती उपायांत तास घालवू नका, सरळ मोठा दवाखाना गाठा.

आणि हे सगळं ऐकून दाताच्या दवाखान्यात जायचं सोडू नका. सडलेल्या दाढेचं विष त्या सुईपेक्षा कितीतरी जास्त माणसांना छळतं. मी परवाच डावीकडची दाढ भरून घेतली. आधी सगळं सांगितलं, विचारलं, उत्तर मिळालं, मगच तोंड उघडलं.

विचारणं हा आपला हक्क आहे. समीरा कोहली खटल्यात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रुग्णाला पुरेशी माहिती देऊन त्याची स्वतःची संमती घेतली पाहिजे. त्या खटल्यात बाई बेशुद्ध असताना तिच्या आईची संमती घेऊन तिचं गर्भाशय काढलं होतं. शुद्धीवर असलेल्या प्रौढ बाईचं शरीर तिला विचारूनच हाताळायचं. नवऱ्याची, सासूची सही तिच्या जागी चालत नाही. पैसे घेऊन केलेले उपचार ग्राहक कायद्यात येतात, हे 1995 सालीच ठरलं आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. पण तक्रारीआधी कागद लागतो, म्हणून चिठ्ठी, पावती, एक्स-रे चुलीपाशी ठेवू नका, पेटीत ठेवा.

शेवटी एक विनंती. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने आपल्या वस्तीतल्या एका बाईला विचारून यावं: तुझं असं कोणतं दुखणं आहे, ज्यावर तुला 'फार विचार करू नको' म्हणाले? नाव लिहू नका, दुखणं लिहा. ती यादी घेऊन आपण आरोग्य केंद्रात जाऊ. मी बोलेन. मधे शब्द अडखळला, तर थोडं थांबा. पुरा करूनच खाली बसेन.