प्रोस्टेटचं इंजेक्शन

प्रोस्टेटचा कॅन्सर हाडांपर्यंत पोचल्याचं निदान झालं की उपचार बहुधा हार्मोनच्या इंजेक्शनने सुरू होतो. घरचे विचारतात, "एवढ्या मोठ्या दुखण्याला महिन्या-तीन महिन्यांनी एकच इंजेक्शन?"

हे इंजेक्शन कॅन्सरची रसद तोडतं. प्रोस्टेटचा कॅन्सर टेस्टोस्टेरॉन या पुरुषी हार्मोनवर पोसला जातो, हे शिकागोच्या डॉ. चार्ल्स हगिन्स यांनी 1941 साली दाखवून दिलं. 1966 साली त्यांना नोबेल मिळालं. हे हार्मोन बनवणारी वृषणं काढण्याची शस्त्रक्रिया आजही होते. ती एकदाच करावी लागते आणि स्वस्तात पडते. पण पुष्कळांचं मन त्याला धजत नाही. ते इंजेक्शन निवडतात.

ल्युप्रोलाइड, गोसेरेलिन ही त्यातली नेहमीची नावं. गोसेरेलिन म्हणजे औषधाची बारीक कांडी. बेंबीखालची कातडी चिमटीत धरून जाडसर सुईने ती आत सोडतात आणि औषध हळूहळू झिरपत राहतं. मात्र सुरुवातीचे एक-दोन आठवडे हार्मोन उलट वाढतं. त्याचा परिणाम रोखायला डॉक्टर बायकाल्युटामाइडच्या गोळ्या देतात; त्या चुकवू नका. या काळात पायांतली शक्ती गेली किंवा लघवी अडली, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. डेगारेलिक्स या इंजेक्शनाने हार्मोन असं उसळत नाही; ते मात्र दर महिन्याला घ्यावं लागतं.

हार्मोन उतरलं की अंगात फरक पडतो. ऐन थंडीत आजोबांना घाम फुटतो, पंखा लावा म्हणतात. आजी चादर ओढून घेत म्हणतात, "पाळी जाताना माझं काय होत होतं, ते कळलं ना आता?" यावर घरात हसता येतं. पण कामेच्छा मावळते, चिडचिड होते, उदास वाटतं, हे बरेचजण बायकोलाही सांगत नाहीत. तिला वाटतं, आपलंच काही चुकलं. हा औषधाचा परिणाम आहे, एवढं तिला सांगितलं तरी निम्मा गैरसमज मिटतो.

हाडं ठिसूळ होतात, स्नायू झिजतात, वजन आणि साखर वाढू शकते. म्हणून रोज चाला, झेपेल तसा ताकदीचा व्यायाम डॉक्टरांना विचारून करा. कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्वाबद्दलही त्यांनाच विचारा.

रक्ततपासणीतला पीएसएचा आकडा उतरला, दुखणं थांबलं, की "आता इंजेक्शन कशाला?" हा विचार येतोच. पीएसए उतरला तो इंजेक्शन चालू आहे म्हणून. परस्पर बंद केलंत तर हार्मोन परत वर येऊ लागतं. पुढे आजार या उपचाराला जुमानेनासा झाला, तर इतर औषधं जोडतात. इंजेक्शन तेव्हाही सहसा चालूच ठेवतात.

तेव्हा पुढची तारीख कॅलेंडरवर लिहा, आणि तपासणीच्या वेळी बायकोला बाहेरच्या बाकावर बसवू नका. तिलाही डॉक्टरांना बरंच विचारायचं असतं.