बंगळुरूचा किल्ला आणि वेळेचे मोल



किल्ला म्हटला की जे. पी. नगरातील मराठी घरांना सह्याद्री आठवतो. परंतु जयप्रकाश नगर स्थानकावरून मेट्रोच्या हिरव्या मार्गिकेने कृष्ण राजेंद्र मार्केटला उतरले, की बाजाराच्या गजबजाटालगत एका किल्ल्याचा दगडी दरवाजा उभा दिसतो. हा दिल्ली दरवाजा.

१५३७ साली केंपेगौडांनी मातीचा कोट घालून बंगळूर वसवले. १६३८ मध्ये विजापूरकरांनी ते जिंकले आणि पुढे ते शहाजीराजांच्या जहागिरीत आले. १७६१ च्या सुमारास हैदर अलीने मातीच्या किल्ल्याला दगडी रूप दिले. युरोपातील अनेक किल्लेही असेच मातीचा उंचवटा आणि लाकडी कुंपण यांतून दगडापर्यंत पोहोचले. साधने बदलली, हेतू मात्र सर्वत्र एकच राहिला. शत्रूला अडवून धरायचे आणि आपल्यासाठी वेळ मिळवायचा.

किल्ल्याचा प्रत्येक अवयव याच कामी येतो. खंदकामुळे चाल मंदावते. तटाबाहेर आलेल्या बुरुजावरून भिंतीच्या पायथ्याशी भिडलेल्या शत्रूवर बाजूने मारा करता येतो. जंग्यांतून शिपाई आडोशाने नेम धरतो. रायगडाचा महादरवाजा दोन बुरुजांच्या कुशीत दडलेला आहे. तो समोरून दिसत नाही आणि हत्तीला धावत येऊन धडक देण्याइतकी मोकळी जागाही तेथे मिळत नाही.

तथापि मिळालेला वेळ वापरणारे कोणी नसेल, तर भिंत एकटी पुरत नाही. कॉर्नवॉलिसच्या फौजेने ७ मार्च १७९१ रोजी बंगळूरची पेठ घेतली, जड तोफांनी तटाला खिंडार पाडले आणि २१ मार्चच्या रात्री किल्ला जिंकला. किल्लेदार बहादूर खान लढता लढता पडला. टिपूचे सैन्य जवळच होते, पण त्याला वेढा मोडता आला नाही. त्याच युद्धात मराठे इंग्रजांच्या बाजूने होते. धारवाडच्या किल्ल्यापुढे परशुरामभाऊ पटवर्धनांच्या फौजेला सप्टेंबर १७९० पासून एप्रिल १७९१ पर्यंत तिष्ठावे लागले, कारण भिंत फोडणाऱ्या तोफा त्यांच्याकडे पुरेशा नव्हत्या. एका किल्ल्याने दोन आठवडे मिळवून दिले, दुसऱ्याने सहा महिन्यांहून अधिक.

पुढे वाढत्या शहरासाठी बंगळूरचा बहुतेक तट पाडला गेला. दिल्ली दरवाजा आणि त्यालगतचा थोडा भाग उरला. खिंडार पडले त्या जागी विजेत्यांनी लावलेला स्मृतिफलक हल्ल्याची तारीख सांगतो. तटामागे कोण उभे होते आणि मराठी फौज त्या वेळी कोणत्या बाजूला होती, हे मुलांना सांगण्याचे काम मोठ्यांकडे राहते. एखाद्या रविवारी त्यांना तेथे न्यावे, दरवाजातून चालवावे आणि भिंतीची जाडी हाताने मोजू द्यावी.