राब पेटवण्याआधी
(महाड येथील हिवाळी व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)

मंडळी, भात कापलं, ओलीवर वाल टाकला, रोपं वर आली आणि मग एकेक पिवळं पडून माना टाकू लागलं. महाड-पोलादपुरात ही मर कुणाला वर्णून सांगायला नको. बुंध्याशी पांढरी बुरशी, तिच्यात मोहरीएवढे दाणे, ती स्क्लेरोशियम. हरभऱ्याचं खोड उभं चिरल्यावर काळपट रेघ दिसली तर फ्युजेरियम. ही बुरशी पीक नसतानाही मातीत वर्षानुवर्षं टिकते. वरून फवारून तिच्यापर्यंत पोचणार कसं?

तिथं पोचते ती दुसरी बुरशी, ट्रायकोडर्मा. अमेरिकेत वाइंडलिंग यांनी १९३२ साली तिचं हे काम दाखवलं. रोगाच्या धाग्याला ती वेटोळं घालते, त्याचं कवच विरघळवते आणि आतला रस पिते. हे तुम्ही कृषी खात्याच्या पत्रकांत वाचलेलं आहे, म्हणून पुढे जातो.

माझं म्हणणं असं की नुसती पुडी आणून भागणार नाही. ट्रायकोडर्मा जिवंत आहे, तिला खायला लागतं. आणि तिचं खाणं, शेण आणि पालापाचोळा, आपण दर उन्हाळ्यात भातरोपांची जमीन भाजताना राबात जाळतो.

(सभागृहात कुजबुज.)

समोरचे काका विचारतायत, राब भाजला नाही तर तण कोण काढणार? रास्त आहे. भाजणीनं तणाचं बी मरतं, वरच्या थरातले रोगही मरतात. वाडवडिलांनी ही रीत विचार करूनच घातली, तिला मी नावं ठेवत नाही. पण भाजलेली माती रिकामी होते, आणि रिकाम्या जागेत जो आधी शिरेल तो मालक.

पोलादपूरच्या वरच्या अंगाला एका वाडीत हेच बोललो, तर एक आजी उठल्या. “शेण जाळू नको म्हणतोस, मग रोपं कशावर उठतील?” हात धरून शेतावर नेलं, ऐनाच्या टहाळांचा भारा दाखवला, जेवायला कुळथाचं पिठलं वाढलं आणि वाद चालूच. शेवटी त्याच म्हणाल्या, निम्मं शेण राबाला, निम्मं खताच्या खड्ड्यात. पुढच्या हिवाळ्यात त्यांच्या वालात मर होती, पण आधीइतकी नव्हती. एका शेतावरून सिद्धान्त निघत नाही, हे मान्य. तरी तो तोडगा मला आजही पटतो.

(मागून आवाज: “वालाच्या शेंगांची पोपटी थंड होतेय!” हशा.)

अध्यक्षांची चिठ्ठीही आली, तेव्हा कृती घाईत सांगतो. शंभर किलो कुजलेल्या शेणखतात एक किलो ट्रायकोडर्मा मिसळा, सावलीत ओलसर ठेवा, गोणपाटानं झाका, अधूनमधून परता. पंधरा दिवसांनी पेरणीआधी शेतात घाला. बियाण्याला किलोमागे पाच ग्रॅम चोळा, रायझोबियम सर्वांत शेवटी. बुरशीनाशक आणि ट्रायकोडर्मा एकाच भांड्यात कालवू नका.

काका, राब सोडा असं मी म्हणत नाही. यंदा भाजणीआधी निम्मं शेण बाजूला काढून खड्ड्यात टाका, एवढीच विनंती.