प्रशांत महासागरातील साखर आणि करारातील तिसरा पक्ष

(व्याख्यानमालेतील भाषणाचा संपादित भाग)



प्रशांत महासागरातील द्वीपराष्ट्रांच्या विकासाची चर्चा निघाली की एक सूत्र ठरलेले असते : शासन आणि खासगी उद्योग यांनी एकत्र बसावे, म्हणजे भरभराट होईल. सूत्र चुकीचे नाही, पण अपुरे आहे. या बेटांवर कंपनी आणि शासन एकत्र बसण्याला सव्वाशे वर्षांहून अधिक काळ लोटला आहे. त्या बैठकीला कोण नव्हते, हा माझ्या आजच्या विवेचनाचा विषय आहे.

उदाहरण फिजीचे घेतो. पहिले गव्हर्नर सर आर्थर गॉर्डन यांच्यापुढे दोन प्रश्न होते. वसाहतीचा खर्च भागला पाहिजे आणि मूळ रहिवाशांची जमीन गोऱ्या मळेवाल्यांच्या घशात जाता कामा नये. त्यांनी ऑस्ट्रेलियातील कलोनियल शुगर रिफायनिंग कंपनीला पाचारण केले. १८८० मध्ये बोलणी झाली आणि १८८२ मध्ये नौसोरीचा साखर कारखाना सुरू झाला. भांडवल कंपनीचे, जमीन फिजीवासीयांची, आणि घाम? तो हिंदुस्थानातून आणला गेला. १८७९ ते १९१६ या काळात साठ हजारांहून अधिक हिंदी माणसे ‘गिरमिट’वर तेथे नेली गेली. ‘अ‍ॅग्रीमेंट’ या शब्दाचा हा अपभ्रंश त्यांच्याच तोंडी घडला. ज्या कराराचे नावही धड उच्चारता येऊ नये, त्यावर त्यांचा अंगठा होता!

१९२० मध्ये उरलेले गिरमिट रद्द झाले. मजूर मिळेनात, तेव्हा कंपनीने मळ्यांचे सुमारे दहा-दहा एकरांचे तुकडे पाडून ते हिंदी कुळांना कसायला दिले. कालचा मजूर शेतकरी झाला खरा, परंतु १९२६ पासून सगळ्या फिजीत ऊस विकत घेणारी कंपनी एकच उरली. ऊस तोडल्यावर फार काळ थांबत नाही, हे महाराष्ट्रातील श्रोत्यांना मी सांगायला नको. एकच गिऱ्हाईक असले की भाव कोण ठरवतो, हेही आपण जाणता.

पुढचा इतिहास संघटनेचा आहे. १९४१ मध्ये नडियादहून फिजीत गेलेले वकील ए. डी. पटेल आणि रामकृष्ण मिशनचे स्वामी रुद्रानंद यांच्या पुढाकाराने ऊस उत्पादकांचा महासंघ उभा राहिला. १९४३ आणि १९६० मध्ये संप झाले. अखेर १९६९ मध्ये प्रकरण लॉर्ड डेनिंग यांच्या लवादापुढे गेले आणि पटेलांनी शेतकऱ्यांची बाजू मांडली. निकाल ऐकायला ते राहिले नाहीत. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये त्यांचे निधन झाले आणि निवाडा जानेवारी १९७० मध्ये आला. साखरेच्या उत्पन्नातील ६५ टक्के वाटा शेतकऱ्याला, ३५ टक्के कारखान्याला, शिवाय किमान भावाची हमी!

एवढ्यात कारखाने चालवणे परवडत नाही, असे म्हणून कंपनी निघून गेली. १९७३ मध्ये कारखाने फिजी शुगर कॉर्पोरेशनकडे, म्हणजे प्रामुख्याने शासनाकडे आले. यात कंपनीला खलनायक ठरवणे सोपे आहे, पण त्याने फारसे काही कळत नाही. कंपनी नफ्यासाठी आली होती, तो आटताच गेली. प्रश्न तिच्या मागे राहिलेल्यांचा होता.

कारण करारातून सुटलेला आणखी एक धागा होता, जमिनीचा. फिजीतील ८० टक्क्यांहून अधिक जमीन मूळ रहिवाशांच्या कुळांची असून ती विकता येत नाही. गॉर्डन यांचे हे धोरण न्याय्यच होते. हवाईत किंवा न्यूझीलंडमध्ये काय घडले ते पाहावे. पण शेतकऱ्याच्या हाती उरले ते भाडेपट्टे. १९७६ च्या कायद्याने मिळालेले तीस वर्षांचे पट्टे १९९७ पासून संपू लागले. त्यात १९८७ आणि २००० ची सत्तांतरे. हजारो कुटुंबांनी शेती सोडली, अनेकांनी देशच सोडला. युरोपच्या बाजारातील चढ्या भावाचा आधारही पुढे गेला. १९९४ मध्ये पाच लाख टनांच्या वर असलेले साखरेचे उत्पादन २०१० मध्ये दीड लाखाच्याही खाली आले. भारताच्या एक्झिम बँकेने कारखान्यांच्या नूतनीकरणासाठी पाच कोटी डॉलरचे कर्ज दिले होते, पण त्यानेही गाडे रुळावर आले नाही. यंत्रे नवी आणता येतात. पट्टा संपत आलेला शेतकरी नवा ऊस लावत नाही.

याउलट टूना मासळीचे उदाहरण पाहा. १९८२ च्या नौरू कराराने आठ लहान देश एकत्र आले. २००७ पासून त्यांनी मोठ्या जाळ्यांच्या परदेशी जहाजांना मासेमारीचे ‘दिवस’ विकण्यास आरंभ केला आणि दिवसाचा किमान दर एकत्रितपणे ठरवला. तो २०१५ मध्ये ८,००० डॉलरपर्यंत गेला. २०१० मध्ये सहा कोटी डॉलरच्या आसपास असलेले उत्पन्न दशकभरात पन्नास कोटींच्या घरात पोचले. मासळी तीच, कंपन्याही बहुतांशी त्याच. एकेकट्याने बोलणी करणे तेवढे थांबले.

भारताने २०१४ मध्ये सुवा येथे चौदा द्वीपराष्ट्रांशी सहकार्याचे व्यासपीठ उभारले. २०२३ मध्ये पोर्ट मोर्स्बीत त्याची तिसरी शिखर परिषद झाली. आपले उद्योजक तेथे जातील, जावेतही. मात्र त्यांनी मंत्र्यांच्या दालनाबरोबरच राकीराकीलाही जावे. २०१६ च्या विन्स्टन चक्रीवादळात तेथील पेनांग कारखाना मोडला आणि पुन्हा उभारला गेला नाही. त्यानंतर त्या भागातला ऊस मालमोटारींतून बा येथील रारावाई कारखान्याकडे जाऊ लागला, आणि त्या वाहतुकीचा भार कोणी किती उचलायचा, हा तेथील शेतकऱ्याचा पहिला प्रश्न असतो.