आरएनएला लेबल लावणारा आरएनए



नाशिककरांना लेबलचं महत्त्व काय सांगायचं? द्राक्षाची पेटी युरोपला निघाली, की ग्रेपनेटमुळे तिच्या लेबलवरून थेट बागेपर्यंत मागे जाता येतं. आज असंच लेबल लावायचंय, पण पेशीतल्या आरएनएवर.

आरएनए म्हणजे डीएनएतल्या मजकुराची कामापुरती काढलेली प्रत. ती पेशीत कुठे जाते, किती वेळ टिकते, हे बघायचं तर तिला चमकणारा रंग जोडावा लागतो. गोची अशी, की अक्षरं चारच, आणि तीच शेकडो वेळा येतात. रंग नेमका कुठे लावायचा?

आपल्या पुण्यात, आयसरमध्ये, श्रीवत्सन यांच्या गटानं एक छान वाट काढली. ‘यू’ या अक्षराला ॲझाइडची छोटी शेपटी जोडायची आणि ते पेशीला द्यायचं. नवा आरएनए बनताना ते आत बसतं. मग क्लिक केमिस्ट्रीनं (हो, तीच, २०२२च्या नोबेलवाली) शेपटीला रंग जोडायचा. झकास! सगळ्या नव्या मालावर शिक्का हवा असेल, तर याहून सोपं काय? पण एकाच पेटीवर, एकाच कोपऱ्यात हवा असेल तर?

इथं रायबोझाइम येतो, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारा आरएनए. पेशीतली असली कामं फक्त प्रथिनंच करतात, असं पूर्वी मानलं जायचं. १९८२ मध्ये टॉमस चेक यांना टेट्राहायमिना या एकपेशीय जिवात स्वतःचाच तुकडा कापून काढणारा आरएनए सापडला. १९८९ मध्ये त्यांना आणि सिडनी ऑल्टमन यांना नोबेल मिळालं.

जर्मनीत वुर्झबर्गला क्लाउडिया होबार्टनर यांच्या गटानं प्रयोगशाळेत असे नवे रायबोझाइम निवडून काढले. २०२३ मधल्या त्यांच्या रायबोझाइमचं नाव सामुरी. त्याचे दोन हात. ‘ए’समोर ‘यू’, ‘जी’समोर ‘सी’ अशी जोडी जुळवत ते हात ठरलेल्या आरएनएला धरतात आणि मधल्या एकाच ‘ए’वर शेपटी बसवतात. रंग पुन्हा क्लिकनंच. पत्ता बदलायचाय? हातांवरची अक्षरं बदला. मला यातलं हेच सगळ्यात भारी वाटतं.

आणि हे जिवंत पेशीत जमलं! परीक्षानळीत बरेच रायबोझाइम चालतात, पण त्यांना भरपूर मॅग्नेशियम लागतं, आणि पेशीत ते मोकळं फारसं नसतं. तरी एक अडचण उरतेच: लांब आरएनए स्वतःभोवती घड्या घालून बसतो. हवा तो ‘ए’ घडीत दडला असेल, तर हात पोचणार कसे?