दिल्लीची ग्रंथपेठ



ग्रंथाचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे ग्रंथकार उभा राहतो. कागद घोटणारा, अक्षर लिहिणारा, पुठ्ठा बांधणारा आणि दुकानात बसून ग्रंथ विकणारा यांची आठवण क्वचितच होते. वस्तुतः ग्रंथ निर्माण होतो तो ग्रंथकाराकडून. परंतु तो टिकतो तो बव्हंशी ह्या मंडळींमुळे. दिल्ली शहराच्या इतिहासात ह्या विधानाची मोठी कठोर परीक्षा झालेली आहे.

इ. स. १५५६ हे वर्ष ह्या दृष्टीने लक्षात ठेवण्याजोगे आहे. त्या वर्षीच्या जानेवारीत दिल्लीच्या पुराना किल्ल्यातील शेर मंडलाच्या जिन्यावरून पडून बादशहा हुमायून मरण पावला. ही इमारत तो ग्रंथालय म्हणून वापरीत असे, असे परंपरा सांगते. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात, अबिसीनियासाठी निघालेले एक मुद्रणयंत्र गोव्यात उतरले आणि तेथेच राहिले. भारतातील हा पहिला छापखाना होय. ग्रंथांवर प्रेम करणारी दिल्ली आणि ग्रंथ छापणारे यंत्र यांची गाठ पडण्यास मात्र त्यानंतर जवळजवळ पावणेतीनशे वर्षे लागली.

ह्याचे कारण अज्ञान नव्हे. जेझुइट पाद्र्यांनी १५८० मध्ये फत्तेपूर सिक्री येथे अकबराला अनेक भाषांतील छापील बायबलचे खंड भेट दिले होते व त्याने ते आदराने स्वीकारले होते. परंतु मोगल दरबारात ग्रंथ ही अनेक कारागिरांनी मिळून घडवलेली वस्तू होती. कागद गुळगुळीत करणारा, कातिब, चित्रकार, सोनेरी काम करणारा आणि जिल्द बांधणारा असे अनेक हात एका प्रतीवर फिरत. हम्झानाम्याची सुमारे १,४०० चित्रे पूर्ण होण्यास पंधराएक वर्षे लागली. शिवाय फारसी नस्तालिक लिपीतील अक्षरे तिरकी उतरत, एकमेकांत गुंतत जातात. सुट्या खिळ्यांनी तो डौल साधत नसे. अकबराच्या मृत्यूसमयी त्याच्या संग्रहात २४,००० ग्रंथ होते, अशी नोंद युरोपीय वृत्तांतांत आढळते. हे वैभव खरेच. पण त्यातील कित्येक ग्रंथ एकेका प्रतीच्या आधाराने जगत होते.

ही अडचण शिळाछापाने दूर केली. कातिबाने तेलकट शाईने लिहिलेला मजकूर दगडावर उतरवावयाचा, दगड ओला करावयाचा आणि त्यावर शाईचा रूळ फिरवावयाचा. ओल्या भागाला शाई लागत नाही, अक्षरांनाच लागते. अशा रीतीने कातिबाचे हस्ताक्षर कायम राहिले आणि प्रती मात्र शेकड्यांनी निघू लागल्या. मुंबईत गणपत कृष्णाजी यांनी १८३१ मध्ये ह्याच पद्धतीने पंचांग छापले, हे मराठी वाचकांस ठाऊक आहेच. दिल्लीत मौलवी मुहंमद बाकर यांचे 'देहली उर्दू अखबार' ह्याच दशकात सुरू झाले. मिर्झा गालिबांचा उर्दू दिवान १८४१ मध्ये, तर सय्यद अहमद खान यांचा दिल्लीतील वास्तूंविषयीचा 'आसार-उस्-सनादीद' १८४७ मध्ये छापला गेला. दिल्ली कॉलेजच्या आश्रयाने गणित, विज्ञान व इतिहास ह्या विषयांवरील ग्रंथांची उर्दू भाषांतरे प्रसिद्ध होऊ लागली.

त्यानंतर आले १८५७ हे साल. सप्टेंबरात इंग्रज फौजांनी शहर जिंकले. मौलवी बाकर यांना देहदंड झाला. त्यांचे पुत्र मुहंमद हुसेन आझाद यांनी घर सोडताना आपले गुरू जौक यांच्या गझलांचे बाड तेवढे काखेत मारले, असे त्यांनीच पुढे लिहिले आहे. गालिब स्वतःजवळ आपल्या कवितेच्या प्रती ठेवीत नसत. ज्या दोन मित्रांच्या संग्रहांवर त्यांची भिस्त होती, ते दोन्ही संग्रह लुटले गेले. आपलीच एक गझल एका फकिराने लिहून आणलेली पाहिली तेव्हा डोळ्यांत पाणी आले, असे त्यांनी एका पत्रात कळवले आहे. बादशाही ग्रंथालयातील उरलेली हस्तलिखिते पुढे कलकत्त्यास व तेथून लंडनला गेली. आज ती ब्रिटिश लायब्ररीत 'दिल्ली संग्रह' म्हणून ओळखली जातात.

ह्या विध्वंसात एक गोष्ट दिसून आली. 'आसार-उस्-सनादीद' ह्या ग्रंथात वर्णिलेल्या कित्येक इमारती १८५७ नंतर पाडल्या गेल्या. ग्रंथ मात्र राहिला. कारण त्याच्या प्रती विकल्या जाऊन अनेक घरांत विखुरल्या होत्या. तटबंदीच्या आत जपलेला संग्रह एका दिवसात जातो; बाजारात गेलेला ग्रंथ सहसा समूळ नष्ट होत नाही.

१९४७ मध्ये हीच गोष्ट निराळ्या रीतीने घडली. फाळणीपूर्वी लाहोर हे ग्रंथव्यवसायाचे मोठे केंद्र होते. १९०३ मध्ये तेथे स्थापन झालेली मोतीलाल बनारसीदास ही पेढी, तसेच राजपाल अँड सन्स ही प्रकाशनसंस्था, अशा कित्येकांनी सर्वस्व मागे टाकून पुढे दिल्लीत नव्याने बस्तान बसवले. ह्यांच्यापैकीच दीनानाथ मल्होत्रा यांनी १९५८ मध्ये हिंद पॉकेट बुक्स सुरू करून एक रुपयात हिंदी पुस्तक उपलब्ध केले आणि वर्गणीदारांना टपालाने पुस्तके घरपोच देण्याची योजना चालवली. त्याआधी १९५४ मध्ये साहित्य अकादमी आणि १९५७ मध्ये नॅशनल बुक ट्रस्ट ह्या संस्था स्थापन झाल्या होत्या. पहिला जागतिक पुस्तक मेळावा १९७२ मध्ये विंडसर प्लेस येथे भरला.

तथापि दिल्लीचा ग्रंथव्यवहार मेळाव्यांपुरता मर्यादित नाही. नई सडकेवर विद्यार्थी जुनी पाठ्यपुस्तके विकतात आणि पुढच्या वर्गाची घेतात. दर्यागंजच्या पदपथावर कित्येक दशके भरणारा रविवारचा पुस्तकबाजार २०१९ मध्ये रहदारीच्या कारणावरून उठवण्यात आला व काही आठवड्यांनी आसफ अली मार्गावरील महिला हाटमध्ये पुन्हा भरू लागला. तेथील विक्रेते रद्दीच्या ढिगातून पुस्तक बाजूला काढतात, पुसतात, शिवतात आणि मांडतात. ग्रंथपालाच्या सूचीत त्यांचे नाव येत नाही. परंतु एखाद्या दुर्मीळ ग्रंथाची शेवटची प्रत लगद्याच्या कारखान्यात जावी की वाचकाच्या हाती, हे अनेकदा तेच ठरवतात.

म्हणून ग्रंथसंरक्षणाचा विचार करताना केवळ पोलादी कपाटांचा विचार करून भागणार नाही. ग्रंथालयांनी ग्रंथ विकत घ्यावेत, वाचकांनीही घ्यावेत आणि जुन्या पुस्तकांच्या विक्रेत्याला शहरात बसण्यापुरती जागा असावी. पुस्तकावर आपण जे चार पैसे खर्च करतो, त्यांतूनच त्या पुस्तकाच्या आणखी एका प्रतीला आसरा मिळत असतो.