संगणक कानाने निवडा

सैन्यातून निवृत्त झाल्यावर मी चेन्नईत राहिलो. पुढे काचबिंदूने नजर गेली, पण काम सुटलं नाही. एका संस्थेचे अहवाल मी घरूनच तपासतो. पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर सोबतीला असतो.

नुकतीच दृष्टी गेलेली मंडळी विचारतात, "सर, कोणता लॅपटॉप घेऊ?" मी सांगतो, लॅपटॉप शेवटी. आधी काम, मग स्क्रीन रीडर, मग यंत्र.

पहिलं, काम. कंपनीचं सॉफ्टवेअर कोणतं, ते विंडोजवर चालतं का, हे विचारा. ऑफिसातल्या संगणकाला घरून जोडून घ्यायचं असेल, तर तिथेही स्क्रीन रीडर बसवू देणार का? आपल्या स्क्रीन रीडरसाठी तो दूरचा पडदा बहुतेक वेळा नुसतं चित्र असतो. तो गप्प बसला की तुमचं काम ठप्प. म्हणून परवानगी रुजू होण्याआधी लेखी घ्या.

दुसरं, स्क्रीन रीडर. 'जॉज'ला पैसे पडतात. मॅकमध्ये 'व्हॉइसओव्हर' आधीपासूनच असतो. विंडोजसाठी 'एनव्हीडीए' मोफत आहे. मायकेल करन या अंध तरुणाने 2006 मध्ये ऑस्ट्रेलियात तो लिहायला घेतला. सोबत येणारा ई-स्पीक आवाज मराठी आणि तमिळही वाचतो. उच्चार यंत्रासारखे आहेत, पण कान सरावतो.

तिसरं, यंत्र. मोठा पडदा, ग्राफिक्स कार्ड यांवर खर्च नको. तो पैसा एसएसडी आणि 16 जीबी रॅमवर घाला. मीटिंग आणि स्क्रीन रीडर एकाच वेळी चालतात, तिथे कमी रॅमचं यंत्र अडखळतं. हेडफोनची पिन लावायची जागा हवीच. ब्लूटूथवर आवाज उशिरा येतो, कधी शब्दाची सुरुवातच गिळतो.

डेस्कटॉप की लॅपटॉप? डिसेंबर 2023 मध्ये मिचाँग वादळात चेन्नईच्या अनेक भागांत वीज गेली होती. वीज गेली की डेस्कटॉप त्याच क्षणी मुका होतो. लॅपटॉप तग धरतो. आपल्याला पडद्याचा उजेड लागत नाही. तो अगदी कमी ठेवला की बॅटरी आणखी पुरते.

आता खरी परीक्षा. एनव्हीडीएची पोर्टेबल प्रत पेन ड्राइव्हवर घ्या. ती इन्स्टॉल न करता चालते. रिची स्ट्रीटला जा किंवा जवळच्या दुकानात, पेन ड्राइव्ह लावू द्या म्हणावं. हेडफोन लावा, दोन पानांची फाइल उघडा, बाणाची कळ दाबा. अक्षर लगेच ऐकू येतं का? इन्सर्ट, होम, एंड या कळा बोटांना न शोधता सापडतात का? एफ आणि जे वरचे उंचवटे नीट लागतात का? दहा मिनिटं टाइप करा.

दुकानदार पडद्याचे रंग दाखवत राहील. त्याचं ऐकून घ्या, पण निर्णय आपल्या कानांवर आणि बोटांवर सोडा. जयहिंद.